खालच्या आळीची पदावली

विनीत आंबेरकर हा माझ्या धाकट्या बहिणीचा, कृतिकाचा नवरा. राहणार डोंबिवली पूर्व, नोकरी ठाण्यात, आणि उरलेलं आयुष्य मोबाईलमध्ये. माणूस स्वभावाने चांगला आहे हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला सवड मिळेलच असं नाही.

त्याला ‘चहा किती जणांचा टाकू?’ असं विचारलं तर तो माणसं मोजत नाही. मोबाईल काढतो, त्यात 5+2-1 असं लिहितो आणि उत्तराची वाट बघतो. वजा एक म्हणजे तो स्वतः, कारण तो चहा पीत नाही. उत्तर सहा येतं. तोवर कृतिकाने सहा कप ओतून आणलेले असतात, आणि विनीत ते कप बघून समाधानाने मान हलवतो, जणू काही त्याच्यामुळेच ते सहा झाले.

मी कल्याणच्या एका शाळेत मराठी शिकवतो. त्यामुळे मला गणित समजावणं हे तो आपलं कर्तव्य मानतो. एकदा त्याने मला समोर बसवून सगळं सांगितलं. संगणकाला 5+2 असं मजकूर म्हणून लिहून दिलं की त्याच्या लेखी ती नुसती तीन अक्षरं असतात, आपण ‘कमळ’ लिहावं तशी. त्यात बेरीज दडलीय हे त्याला कळत नाही. पण पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत ‘एव्हॅल’ असा एक शब्द आहे. तो पुढे लावला की संगणक त्या अक्षरांना गणित मानतो आणि सोडवून मोकळा होतो.

“म्हणजे लिहिलेलं जसंच्या तसं ऐकतो,” मी म्हणालो.

“जसंच्या तसं,” विनीत म्हणाला, आणि सुखावला. त्याच्या घरात असं ऐकणारं दुसरं कोणी नाही, हे मी कृतिकाचा भाऊ या नात्याने खात्रीने सांगू शकतो.

या शब्दावर त्याने एक प्रोग्राम बेतला होता. कोणीही कुठूनही गणित लिहून पाठवावं, प्रोग्रामने ते सोडवून बेरजेत टाकावं, मध्ये माणसाचा हात नको. ठाण्याच्या ऑफिसात त्याने तो मोठ्या हौसेने दाखवला. तिथल्या वरच्या बाई म्हणाल्या की उद्या कोणी काहीही लिहील आणि आपलं यंत्र मुकाट्याने ते करत बसेल, हे इथे चालायचं नाही. विनीत फार दुखावला. पण ठाण्यात नाकारलेली गोष्ट आमच्या दिवा स्टेशनाकडे खपवायची ही पद्धत काही नवीन नाही. आमच्या गावाभोवतीचे टॉवर त्याच धोरणावर उभे आहेत.

आमचं गाव दिव्याच्या पुढे, खाडीला लागून. पूर्वी मिठागरं होती आणि भातशेती. आता त्या जागी इमारती आहेत, इमारतींत माणसं आहेत आणि माणसांसाठी पाण्याचे टँकर आहेत. माझे वडील दौलत मढवी लहानपणी मिठागरात अनवाणी राबले, आणि आता जमिनीमुळे लोक त्यांना शेठ म्हणतात. त्यांचा आवाज मात्र मिठागरातलाच राहिला.

आमच्या घरात माया दाखवायची एकच रीत आहे, ती म्हणजे शिवी. मला बाबा मी पाळण्यात होतो तेव्हापासून ‘गाढवा’ म्हणतात. कृतिकाला ‘म्हशी’, सगळ्यांत धाकट्या संचिताला ‘भवाने’. नवीन टेम्पो घेतला तेव्हा हार घालून झाल्यावर बाबांनी त्याच्या बॉनेटवर थाप मारली आणि ‘चल हरामखोरा’ म्हणाले, तेव्हा कुठे तो टेम्पो घरचा झाला.

अपवाद फक्त विनीतचा. त्याला मान. “या जावईबापू. बसा जावईबापू. थंड काय घेनार?” लग्नाला इतकी वर्षं झाली, कृतिकाची मुलगी शाळेत जायला लागली, तरी विनीतची प्लास्टिकची खुर्ची आणि हातातली थंडाची बाटली सुटली नव्हती. बाबा ज्याला ‘तुम्ही’ म्हणतात त्याला कशाला हात लावू देत नाहीत. शेजारी आम्ही शिव्या खात मांडवाचे बांबू उचलायचो आणि विनीत खुर्चीत बसून बघायचा.

त्याला हे लागायचं. एकदा तो मला म्हणाला, “कमलेशदादा, मी तुमच्या घरात कायम पाहुणाच राहणार का?”

“फुकटचं थंड मिळतंय, राहा की,” मी म्हणालो. तो हसला नाही. बाटलीवरचा कागद नखाने सोलत बसला, आणि मला पहिल्यांदाच त्याची दया आली.

संचिताचं लग्न ठरलं तेव्हा कृतिकाने बाबांना बजावलं की विनीतला काहीतरी काम द्या, नाहीतर मी मांडवात येईन पण पाण्याच्या थेंबाला शिवणार नाही. बाबांनी दोन दिवस विचार केला. ज्यात काही बिघडूच शकणार नाही असं काम त्यांनी शोधून काढलं. हळदीच्या दिवशी दुपारी मांडवाचं जेवण असतं, त्याला किती माणसं येणार ते मोजायचं आणि आचाऱ्याला सांगायचं.

आमच्याकडे पत्रिका ही शोभेची वस्तू आहे. खरं आमंत्रण तोंडी. घरातली चार जाणती माणसं आळीआळीने फिरतात आणि प्रत्येक आळीला सांगतात, एक तर ‘घरटी एक’ नाहीतर ‘चूलबंद’. घरटी एक म्हणजे घरातून एकाने यायचं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, तान्ह्या पोरापासून म्हातारीपर्यंत सगळ्यांनी मांडवात जेवायचं. ही माणसं परत आली की बाबा त्यांचं ऐकून घ्यायचे, बोटांवर काहीतरी पुटपुटायचे आणि आचाऱ्याला आकडा सांगायचे. वर दोन टोप जास्तीचे चढवायला लावायचे. त्या दोन टोपांना आमच्याकडे ‘वरचं’ म्हणतात. दरवेळी ते उरायचं आणि दुसऱ्या दिवशी खाडीत जायचं.

“अन्न वाया जातं ते चुकीच्या मोजणीमुळे,” विनीत म्हणाला. त्याने ठाण्यात नाकारलेला प्रोग्राम बाहेर काढला. ‘मांडव मोजणी’ नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला. आमंत्रणाला जाणाऱ्यांनी आळीचं गणित त्यात लिहायचं, परगावच्या पाहुण्यांनी आपला आकडा कळवायचा, पुढचं यंत्र बघेल.

मग अंगणात प्रशिक्षण झालं. विनीत खुर्चीवरून उठून उभा राहिला, हीच मोठी बातमी होती. आकडे इंग्रजी लिहायचे. गुणाकाराला चांदणी काढायची. घरटी एक असेल तर घरांचा आकडा तसाच ठेवायचा. चूलबंद असेल तर घरांना चांदणी सहा, कारण घरटी सहा माणसं धरली. लागेल तिथे कंस टाकायचे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावणं ही आमच्या गावात व्याख्यान संपवायची रीत आहे, तिचा समजण्याशी संबंध नाही.

पहिल्याच दिवशी यंत्राने सांगितलं की मोहन्याहून उणे दोन पाहुणे येणार आहेत आणि खडवलीहून उणे पाच. विनीत चक्रावला. मग लक्षात आलं की मोहन्याच्या पाहुण्यांनी 10-12 लिहिलं होतं आणि खडवलीकरांनी 20-25. आता आमच्या लोकांत नेमका आकडा सांगणं म्हणजे उद्धटपणा. येणारे नेहमी दहा-बारा असतात. यंत्राने दहातून बारा वजा केले. पाहुणे जितक्या मोकळ्या मनाने येणार तितकी मोजणी खाली जाऊ लागली.

विनीतने ते तासाभरात दुरुस्त केलं. असं जोडीने लिहिलेलं दिसलं की मोठा आकडा धरायचा, असं त्याने यंत्राला सांगून ठेवलं. बाबांना बोलावून दाखवलं. बाबांना त्यातलं काही कळलं नाही, पण चूक सापडली आणि सुधारली एवढं कळलं, आणि ते म्हणाले, “हुशार हायेत आमचे जावईबापू.” एक चूक पकडणाऱ्या माणसाला आता दुसरी चूकच नाही असं जे वाटायला लागतं, ते विनीतला त्या क्षणापासून वाटायला लागलं.

शेवटी आकडा आला. बाबांच्या अंदाजापेक्षा थोडा कमी होता. बाबांनी मोबाईल लांब धरून बघितला, मग जवळ धरून बघितला.

“मशीन बोलतंय ना?”

“मशीन बोलतंय,” विनीत म्हणाला. “आणि बाबा, वरचं नको. नेमकं तेवढंच करायचं. एक घाससुद्धा वाया जाणार नाही, माझी जबाबदारी.”

ज्या माणसाने तलाठ्याचं कधी ऐकलं नाही, बिल्डरचं ऐकलं नाही, डॉक्टरचं अर्धंच ऐकलं, त्याने आचारी भगवानला हाक मारून वरचे दोन टोप रद्द केले. माझी जबाबदारी, हे शब्द आमच्या अंगणात जावयाच्या तोंडून पहिल्यांदाच आले होते. बाबांना बहुतेक ते आवडले असावेत.

हळदीचा दिवस उजाडला. खालची आळी म्हणजे आमची भावकी. कामाला तीच असते. त्या आळीच्या पुरुषांनी पहाटेपासून टँकरचं पाणी ओढलं, बायकांनी तांदळाच्या भाकऱ्या थापल्या. दुपारी पंगती बसल्या. पहिल्यांदा परगावचे, मग वरची आळी, मग बाकीचे. विनीत पंगतीतून मोबाईल हातात घेऊन फिरत होता आणि टोपांत डोकावत होता. सगळं जुळत होतं. मला म्हणाला, “दादा, शेवटच्या पानाला शेवटचा घास.” आणि ते अगदी खरं ठरलं, फक्त शेवटचं पान त्याने धरलं होतं त्याच्या बरंच आधी आलं.

खालच्या आळीची एक पंगत कशीबशी उठली आणि बाकीची आळी हातपाय धुऊन बसायला आली तेव्हा मटणाच्या टोपात डाव खणखणला. भाताचा टोप भगवानने आधीच पालथा घातला होता. समोर माणसं उभी होती, दिवसभर आमच्यासाठी राबलेली, पोराबाळांसकट.

विनीतने ग्रुप उघडला. खालच्या आळीला आमंत्रण करायला गुणाजीकाका गेले होते. ते त्याच आळीचे, बाबांचे चुलतभाऊ. त्यांचा निरोप तिथे होता: 20+15+9*6.

“काका, हे काय लिहिलंत?”

“काय लिवनार? वरच्या अंगाला वीस घरं, मधी पंधरा, खाडीकडं नऊ. चूलबंद,” गुणाजीकाका म्हणाले. “आळीच्या तोंडाशी उभं रायचं, घरं बोलायची, आनि शेवटी एकदा चूलबंद बोलायचं. दर घरामागं कोन बोलतंय?”

मला शाळेतलं ‘कंचेभागुबेव’ आठवलं. पदावली सोडवताना आधी कंस, मग भागाकार-गुणाकार, बेरीज नंतर. कंस नसल्यामुळे यंत्राने शेवटच्या नऊ घरांनाच सहाने गुणलं आणि पस्तीस घरांतून एकेक माणूस बोलावला. दोनशे चौसष्टांच्या जागी एकोणनव्वद. गुणाजीकाकांच्या आमंत्रणात चूक नव्हती, यंत्राच्या गणितात चूक नव्हती, आणि माणसं उपाशी होती.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. विनीत बाबांना म्हणाला, “पण नियमाप्रमाणे मशीन बरोबर आहे.”

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. “मंग मशीनलाच बसवा जेवाला, जावईबापू,” ते म्हणाले. एवढ्या रागातसुद्धा मान सोडला नाही, आणि ते शिवीपेक्षा वाईट ऐकू आलं.

कोणीतरी सुचवलं की आळीतल्या घराघरांतून असेल ते आणा, आपलीच माणसं आहेत. गुणाजीकाकांची बायको गंगुबाई जमिनीवर बसली होती. ती म्हणाली, “घरात काय असनार? चुली बंद हायत ना सगल्या. तुमचाच निरोप व्हता.” या वेळी सगळ्याच आळ्यांना चूलबंद होतं, त्यामुळे अख्ख्या गावात त्या दुपारी एक चूल पेटलेली नव्हती. आम्हीच विझवून ठेवल्या होत्या.

विनीत बाजूला गेला आणि त्याने आईला फोन लावला. कलावतीबाई डोंबिवलीत राहतात आणि त्यांच्या गल्लीत दर चार दुकानांआड एक पोळीभाजी केंद्र आहे. मग तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “दादा, टेम्पो काढ.”

“आगरी मांडवात पोळीभाजी?” मी विचारलं.

“तुझ्याकडे दुसरं काही असेल तर सांग.” तो माझ्याशी पहिल्यांदाच वरच्या आवाजात बोलला होता. मी टेम्पो काढला.

निघताना मागे गंगुबाईचा आवाज ऐकू आला. ती आमच्या गावची धवलारीण, लग्नाच्या विधींची गाणी म्हणणारी. लोक उठून जाऊ नयेत म्हणून तिने उपाशीपोटी धवले सुरू केले होते. नंतर कळलं की तिने त्यात जावयाच्या मोबाईलवरही दोन ओळी रचून घातल्या, आणि त्या बाबांना सोडून सगळ्यांना आवडल्या.

डोंबिवलीत कलावतीबाई पहिल्या केंद्राच्या दारात पदर खोचून उभ्याच होत्या. आतली बाई तवा सोडून पुढे आली. “किती पोळ्या देऊ?”

मी विनीतकडे बघितलं. खिशात मोबाईल होता. घरं माहीत होती, माणसं माहीत होती, प्रत्येकी किती ते धरता आलं असतं. हा माणूस चहाचे कप पायथनने मोजतो.

“असतील तेवढ्या द्या,” विनीत म्हणाला.

पुढच्या केंद्रातही तेच म्हणाला, आणि त्याच्या पुढच्याही. पोळ्या, बटाट्याची सुकी भाजी, कुठे कोबी, कुठे मसालेभात, एका ठिकाणी चार डबे शिरा. त्या रविवारी दुपारी त्या गल्लीतले कितीतरी संसार पोळीभाजीविना राहिले असतील. त्यांची मोजणी कोणी केली नाही.

आम्ही मांडवात परतलो तेव्हा गंगुबाईचा आवाज बसला होता. पानं मांडली. विनीत पहिल्यांदाच आमच्या मांडवात वाढायला उतरला. पँट दुमडलेली, शर्टावर भाजीचं तेल. मटणाच्या आशेने बसलेल्या पंगतीत तो “पोळी घ्या, भाजी घ्या” करत वाकत होता. गुणाजीकाकांनी एक पोळी दोन बोटांनी उचलून उजेडाकडे धरली.

“हिच्यातून पलीकडची खाडी दिसते,” ते म्हणाले. मग दोन घासांत ती संपवली आणि दुसरी मागितली. गंगुबाईने सहा खाल्ल्या. दातांना बऱ्या पडतात म्हणाली. शिऱ्यासाठी पोरं दोनदा बसली. मटण नव्हतं याचं दुःख आळीने पुढे वर्षभर बोलून दाखवलं, पण उपाशी कोणी उठलं नाही.

मांडवाच्या खांबाला टेकून बाबा शेवटचं पान उठेपर्यंत उभे होते. मग घरच्यांची पंगत बसली. घरचे शेवटी जेवतात, राहील ते जेवतात, ही आमच्याकडची रीत आहे. जावई या पंगतीत कधीच नसतो. तो पहिल्या पंगतीत जेवून खुर्चीवर बसलेला असतो. त्या दिवशी विनीत पहिल्या पंगतीला मोबाईल बघत फिरत होता म्हणून जेवलाच नव्हता, आणि आता रिकामी परात धरून लांब उभा होता. मांडवातल्या खुर्च्यांपैकी एकीवरही तो बसला नाही.

बाबा खाली बसले. समोर पान आलं. त्यांनी मान वर न करता हाक मारली, “ए गाढवा, तिकडं काय उभा ऱ्हायलास? बस हितं.”

मी लगेच पुढे झालो, कारण आमच्या घरात तो शब्द माझा. बाबांनी मला हाताने बाजूला सारलं.

“तू नाय,” ते म्हणाले. “तो.”

विनीतने मागे वळून बघितलं, तिथे कोणी नव्हतं. मग त्याने परात खाली ठेवली, आला आणि बाबांच्या शेजारी मांडी घालून बसला. बाबा त्याला शिव्या देत राहिले, सगळ्या भावकीसमोर. मशीनला, त्याच्या कंसांना, वरचं नको म्हणणाऱ्या त्याच्या जिभेला. बोलता बोलता त्यांनी आपल्या पानातली एक पोळी उचलून त्याच्या पानात टाकली. कृतिका पदर तोंडाला लावून रडत होती. विनीत खाली मान घालून जेवत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. एवढा आनंदी माणूस मी संचिताच्या लग्नातही पाहिला नाही, आणि त्यात नवरदेवही धरला आहे.

तेव्हापासून खुर्ची संपली. पुढच्या मांडवात विनीतने बांबू उचलले आणि एक गुणाजीकाकांच्या पायावर पाडला. मोजणी बाबा पुन्हा बोटांवर करतात, वरचे दोन टोप चढतात, आणि विनीतचं यंत्र डोंबिवलीत चहाचे कप मोजतं. मला मात्र बाबा हल्ली ‘कमलेश’ अशी हाक मारतात. मी दरवेळी दचकतो.